अस्मानी, सुलतानी आणि बालामाचे शेतकरी

विमा-करार हा वाङ्मयप्रकार नव्हे. तरीही वाङ्मयाच्या अभ्यासकाने तो वाचला पाहिजे, असे माझे मत आहे. कोणत्याही संहितेला विचारायचा पहिला प्रश्न येथेही लागू पडतो : यात बोलणारा कोण, आणि ज्याला बोलूच दिलेले नाही तो कोण?

आफ्रिकेतील कोबाल्ट, तांबे, ग्रॅफाइट ही खनिजे आज बॅटऱ्यांसाठी बड्या राष्ट्रांना हवी आहेत. खाजगी भांडवल तेथे एकटे जायला धजत नाही. म्हणून सरकारे त्याच्या पाठीशी उभी राहतात. जागतिक बँकेच्या गटातील 'मिगा' ही संस्था 1988 मध्ये याच कामासाठी स्थापन झाली. अमेरिकी सरकारची 'डीएफसी' कर्ज आणि विमा दोन्ही देते. मुंबईत मुख्य कार्यालय असलेले आपल्या केंद्र सरकारचे 'ईसीजीसी'ही भारतीयांच्या परदेशी गुंतवणुकीचा विमा उतरवते. तेव्हा हा प्रश्न केवळ गोऱ्यांचा नाही.

या विम्यात संकटे कोणती धरतात? सरकारने मालमत्ता ताब्यात घेणे, नफा देशाबाहेर नेण्यास मनाई करणे, युद्ध, दंगल. आपल्या भाषेत ही सगळी सुलतानी. त्यांतील पहिल्या संकटाचा इतिहास पाहा. 1967 मध्ये मोबुतूने काँगोतील बेल्जियन कंपनीच्या खाणी ताब्यात घेतल्या. 1969 मध्ये झांबियाच्या कौंडांनी तांब्याच्या खाणींत 51 टक्के हिस्सा घेण्याचे जाहीर केले. स्वतंत्र झालेल्या देशांना जो आपला हक्क वाटला, तो विम्याच्या भाषेत धोका ठरला. अर्थात मोबुतूच्या राष्ट्रीयीकरणाने खाणमजुरांचे भले झाले असे कोणी समजू नये. मालक बदलला, खड्डा तोच राहिला.

आता बालामा. मोझांबिकच्या काबो डेल्गाडो प्रांतात सायरा रिसोर्सेस या ऑस्ट्रेलियन कंपनीची ही ग्रॅफाइटची खाण. डीएफसीने तिला 15 कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. पहिला हप्ता 2024 च्या नोव्हेंबरात मिळाला. त्याआधीच, सप्टेंबरअखेरीस, जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांनी पुनर्वसनाच्या जुन्या तक्रारींवरून आंदोलन सुरू केले होते. ऑक्टोबरच्या निवडणुकीनंतर देशभर अशांतता पसरली. डिसेंबरात कंपनीने 'फोर्स मॅज्योर', म्हणजे आपल्या ताब्याबाहेरची आपत्ती, जाहीर केली. कर्जाच्या अटीही मोडल्या गेल्या. 2025 च्या मे महिन्यात कंपनीला खाणीत पुन्हा प्रवेश मिळाला आणि जूनमध्ये उत्पादन सुरू झाले.

हा शब्द नीट वाचला पाहिजे. पूर, भूकंप, वादळ यांच्या रांगेत येथे शेतकऱ्याचे गाऱ्हाणे जाऊन बसते. सरकारचा कायदा सुलतानी, आणि शेतकऱ्याचा हक्क अस्मानी! पुराशी कोणी वाटाघाटी करत नाही. तो ओसरण्याची वाट पाहतात. वस्तुतः मोझांबिकचा 1997 चा जमीन कायदा परंपरेने कसणाऱ्याचा जमिनीवरचा हक्क मान्य करतो. म्हणजे हा शेतकरी कागदावरही उपरा नाही. गायरान कसणाऱ्या आपल्या माणसांना ज्या लेखणीने 'अतिक्रमणदार' ठरवले, तिची ओळख आपल्याला वेगळी करून द्यायला नको.

कोणी म्हणेल, असा विमा नसेल तर भांडवल येणार नाही आणि आफ्रिका गरीबच राहील. लहरी हुकूमशहांपासून संरक्षण हवे, हे मलाही मान्य आहे. पुनर्वसनाचे निकष आहेत, तक्रार ऐकणारी कार्यालये आहेत, हेही खरे. पण मिगाच्या प्रकल्पांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे कार्यालय चौकशी करते, समेट घडवू पाहते. भरपाई द्याच, असा हुकूम ते काढू शकत नाही. कंपनीच्या हाती पॉलिसी, शेतकऱ्याच्या हाती अर्ज. दोन्ही कागदच, पण एकावर पैसे मिळतात, दुसऱ्यावर पोच मिळते.

जोखीम म्हणजे काय, हे आजवर पैसा गुंतवणाऱ्याने ठरवले. ज्याने जमीन, पाणी आणि पुढची पिढी गुंतवली, त्याची जोखीम कोणत्याच तक्त्यात नाही. म्हणून मागणी साधी आहे : सरकारी हमीचा पहिला हप्ता कंपनीला मिळण्याआधी विस्थापितांची भरपाई जमा झाली पाहिजे, आणि तिची हमीही त्याच सरकारने घेतली पाहिजे. वॉशिंग्टनला हे विचारणारे तेथे आहेत. मुंबईतल्या कार्यालयाला विचारायचे काम आपले आहे.