‘निष्काळजीपणा’, ‘हयगय’ आणि ‘शेजारी’ : अपकृत्य-कायद्यातील एका संकल्पनेची शब्दचिकित्सा

परक्या भाषेत घडलेली संकल्पना आपल्या भाषेत आणताना केवळ प्रतिशब्द मिळाला म्हणजे काम संपले, असा एक समज आहे. तो किती अपुरा आहे, हे अपकृत्य-कायद्यातील ‘नेग्लिजन्स’ या संज्ञेच्या मराठी वाटचालीवरून चांगले दिसून येते. या संज्ञेसाठी मराठीत ‘निष्काळजीपणा’ व ‘हयगय’ हे दोन शब्द प्रचारात आहेत. दोन्ही सुबोध आहेत, आणि त्यांचा दोषही याच सुबोधतेत दडलेला आहे.

प्रथम ‘काळजी’ हा शब्द घ्यावा. मराठीत काळजी ‘वाटते’, काळजी ‘करतात’ आणि काळजी ‘घेतात’. पहिल्या दोन प्रयोगांत चित्ताची अवस्था सांगितली आहे, तिसऱ्यात आचरण. आजारी मुलाच्या उशाशी रात्रभर काळजी करीत बसलेली आई औषधाची मात्रा चुकवू शकते. उलट, मनात कसलीही चिंता नसलेली परिचारिका ती बिनचूक देऊ शकते. क्रियापद बदलताच अर्थ बदलतो, ही मराठीची मोठी सोय होय. परंतु ‘निष्काळजीपणा’ हे नाम सिद्ध होताना क्रियापद गळून पडते आणि त्याबरोबर हा भेदही नाहीसा होतो. शिवाय ‘पणा’ हा प्रत्यय गुणवाचक आहे. ‘आळशीपणा’, ‘भित्रेपणा’ यांच्या पंक्तीस बसलेला ‘निष्काळजीपणा’ कृतीविषयी न बोलता कर्त्याच्या स्वभावाविषयी बोलू लागतो.

कायद्याला स्वभावाशी कर्तव्य नाही. 1837 सालच्या व्हॉन विरुद्ध मेनलव्ह या इंग्लिश खटल्यात एका शेतकऱ्याने शेजाऱ्याच्या हद्दीलगत गवताची गंजी धोकादायक रीतीने रचली होती. पूर्वसूचना मिळूनही त्याने ती तशीच राहू दिली, आणि पुढे ती पेटून शेजाऱ्याची घरे जळाली. प्रतिवादीने आपल्या बुद्धीप्रमाणे प्रामाणिकपणे वर्तन केले, एवढे पुरेसे मानावे, असा त्याच्या बाजूने युक्तिवाद झाला. न्यायालयाने तो अमान्य केला आणि प्रत्येकाच्या बुद्धीचे वेगळे माप न लावता सामान्य समंजस मनुष्याच्या सावधगिरीचे एकच माप लावले. 1856 च्या ब्लाइथ खटल्यात हेच तत्त्व व्याख्येच्या रूपाने आले : समंजस मनुष्य जे करील ते न करणे, किंवा तो जे करणार नाही ते करणे. पुढे सामंड यांनी या संकल्पनेचे मूळ मनोवृत्तीत शोधले, तर पोलॉक यांनी ते आचरणात पाहिले. कायद्याने पोलॉक यांची बाजू उचलली; मराठी शब्द मात्र नकळत सामंड यांच्या पक्षास जाऊन मिळाला आहे.

‘हयगय’ हा शब्द या दृष्टीने अधिक बरा, कारण हयगय ‘करतात’. तो कृतीला चिकटून राहतो. पण त्याची अडचण निराळी आहे. वर्तमानपत्रांतील अपघाताच्या बातम्यांत ‘हयगयीने व बेदरकारपणे वाहन चालवून’ हा वाक्प्रयोग इतका घोटला गेला आहे की, हयगय म्हणताच गुन्हा आणि शिक्षा डोळ्यांपुढे येतात. 1870 साली भारतीय दंड संहितेत घातलेल्या 304-अ या कलमाची जागा 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या 106 व्या कलमाने घेतली आहे. परंतु फौजदारी हयगय आणि दिवाणी हयगय यांना एकच नाव असण्याचा घोटाळा कायम आहे. जेकब मॅथ्यू प्रकरणी 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी दायित्वासाठी हयगय ‘घोर’ असली पाहिजे असे सांगितले, आणि हे विशेषण कलमाच्या शब्दांत नसतानाही तेथे वाचावयाचे आहे, असे स्पष्ट केले. एकच नाम दोन मापांनी मोजावे लागते, याची ही एक प्रकारे कबुलीच होय.

आता ‘शेजारी’ या शब्दाकडे वळावे. 1928 साली स्कॉटलंडमधील पेस्ली गावी एका उपाहारगृहात एका स्त्रीसाठी तिच्या मैत्रिणीने जिंजर बिअर मागविली. बाटली गडद, अपारदर्शक काचेची होती. काही पेय प्याल्यावर उरलेले ओतताना तीतून कुजलेली गोगलगाय निघाली, असे वादीचे कथन होते. बाटली तिने स्वतः विकत घेतली नसल्यामुळे तिचा कोणाशीच करार नव्हता. डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन या नावाने गाजलेल्या या खटल्यात 1932 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने ठरविले की, असे कथन खरे असल्यास उत्पादक ग्राहकाप्रत दायी ठरतो. निर्णय केवळ कायद्याच्या मुद्द्यावर झाला. गोगलगाय खरोखर होती की नाही, हे पुराव्याने कधीच सिद्ध झाले नाही.

लॉर्ड ॲटकिन यांच्या निकालपत्राचे सामर्थ्य त्याच्या रचनेत आहे. शेजाऱ्यावर प्रेम करण्याची धर्माज्ञा ते प्रथम घेतात, तिचे ‘शेजाऱ्यास इजा करू नये’ अशा निषेधात रूपांतर करतात, आणि मग ‘माझा शेजारी कोण?’ हा लूकच्या शुभवर्तमानातील प्रश्न वकिलाच्या तोंडी देऊन त्याला जाणूनबुजून आखूड उत्तर देतात : माझ्या कृतीचा ज्यांच्यावर इतका निकट व प्रत्यक्ष परिणाम होतो की, ती करताना ते माझ्या ध्यानात असावयास हवेत, असे लोक. शब्द धर्मग्रंथाचा, व्याप्ती कायद्याची. विधिवाङ्मयात अर्थसंकोचाचे इतके कुशल उदाहरण विरळाच.

मराठी बायबलातही ‘शेजारी’ हाच शब्द रूढ असल्याने भाषांतर सोपे वाटते. पण मराठी मनात ‘शेजारी’ म्हटले की ‘शेजारधर्म’ येतो. आणि शेजारधर्म हा ओळखीचा, परस्परांचा, देवाणघेवाणीचा धर्म आहे. ॲटकिन यांचा शेजारी कधी भेटत नाही, त्याचे नाव ठाऊक नसते, तो परतफेड करीत नाही. बाटली भरणारा आणि ती पिणारी यांच्यामधील नाते भिंतीला भिंत लागल्याचे नसून परिणामाचे आहे. म्हणून ‘शेजारी’ हे रूपक म्हणून ठेवावे. संज्ञा म्हणून ते चालणार नाही. इंग्लंडातही ते एकटे पुरले नाही. 1990 च्या कपारो प्रकरणात पूर्वानुमेयता व सन्निधता यांबरोबर न्याय्यतेचाही विचार आला, आणि 2018 च्या रॉबिन्सन प्रकरणात, ही त्रिसूत्री प्रत्येक दाव्याला लावावयाची कसोटी नव्हे, असे स्पष्ट करण्यात आले.

या विधानावर एक आक्षेप संभवतो. पारिभाषिक शब्दाचा अर्थ व्याख्येने ठरतो, व्युत्पत्तीने नव्हे. मग प्रत्ययांची चिकित्सा कशासाठी? तज्ज्ञापुरता हा आक्षेप रास्त आहे. परंतु न्यायालयात तज्ज्ञाबरोबर पक्षकार व साक्षीदारही बोलतात, आणि त्यांच्याजवळ व्याख्या नसते, केवळ शब्द असतो. डॉक्टरवर ‘निष्काळजीपणा’चा आरोप आहे असे कळताच तो आपल्या सेवावृत्तीचे दाखले देऊ लागतो, आणि ज्याचा मुलगा गेला तो बाप, ‘डॉक्टर मनुष्य वाईट नव्हता’ असे वाटल्यामुळे दावाच करीत नाही. दोघेही शब्दाने फसलेले असतात. 1953 साली कोकणच्या किनाऱ्यावर मांडीचे हाड मोडलेल्या एका तरुणाचा पुण्यात उपचार चालू असताना मृत्यू झाला. त्याच्या वडिलांनी केलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने 1968 साली वैद्याची तीन कर्तव्ये सांगितली : रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरविताना, कोणता उपचार द्यावा हे ठरविताना, आणि तो देताना दक्षता घेणे. या तिन्ही ठिकाणी प्रश्न वर्तनाचा आहे, शीलाचा नव्हे.

मग पर्याय कोणता? मराठीत ‘कर्तव्यात कसूर’ हा जिवंत वाक्प्रयोग आहे. ‘कसूर’ म्हणजे अपेक्षित मापापेक्षा पडलेली तूट. त्यात सप्तमीने कर्तव्य आधीच गृहीत धरलेले असते आणि स्वभावाचा उल्लेखही नसतो. ‘दक्षतेत कसूर’ असे म्हटल्यास कर्तव्य आणि त्याचा भंग ही दोन्ही अंगे एका पदबंधात येतात. राहिले तिसरे अंग : कर्तव्य कोणाप्रत? 1928 सालच्या न्यूयॉर्कमधील पाल्सग्राफ खटल्यात न्यायमूर्ती कार्डोझो यांनी दाखविले की, एका व्यक्तीबाबत झालेली चूक दुसऱ्या दूरच्या व्यक्तीला आपोआप दावेदार करीत नाही. इंग्रजीत कर्तव्य ऋणासारखे ‘देणे’ असते. मराठीतील ‘माझे कर्तव्य’ मात्र कर्त्यापाशीच थांबते. हे दुसरे टोक दाखविण्यासाठी मराठीजवळ ‘देणे लागणे’ हा प्रयोग तयार आहे : बाटली भरणारा पिणाऱ्याची दक्षता देणे लागतो. कानाला हे प्रथम खटकेल. पण ज्याला इजा झाली त्याला या वाक्यात आपली जागा सापडते. ‘निष्काळजीपणा’ या शब्दात ती कोठेच नव्हती.