पगाराची पेटी



हिवाळ्यात लंडनला मुलीकडे होतो. बाहेर पाऊस, चार वाजताच अंधार. नातवाने टीव्हीवर ‘अँडोर’ ही मालिका लावून दिली. आकाशातल्या लढाया म्हणजे पोरखेळ, असे मी समजत होतो. पण ही मालिका पाहून दोन रात्री नीट झोप लागली नाही.

‘स्टार वॉर्स’चा पहिला चित्रपट १९७७ सालचा. त्याचे बरेचसे चित्रीकरण लंडनच्या उत्तरेला, एल्स्ट्री स्टुडिओत झाले. त्यात साम्राज्याचे अधिकारी पीटर कुशिंगसारखे इंग्लिश नट, साहेबी उच्चारात हुकूम सोडणारे. बंडवाले तरुण बहुतेक अमेरिकन बोलीचे. (अॅलेक गिनेस हा अपवाद.) साहेबाचा तो आवाज आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी प्रत्यक्ष ऐकलेला आहे, म्हणून आपणही लगेच बंडवाल्यांच्या बाजूला जाऊन बसतो. पांढऱ्या शिरस्त्राणातले शिपाई पटापट मरतात. त्यांना तोंडच दाखवलेले नाही, तेव्हा त्यांच्या आईची आठवण कोण काढणार? बंडवाल्यांचे हात स्वच्छ राहतात ते असे.

२०१५ च्या ‘द फोर्स अवेकन्स’मध्ये एक शिपाई शिरस्त्राण काढतो. नट जॉन बोयेगा, लंडनचाच. मला वाटले, आता आतला माणूस दिसेल. पण थोड्याच वेळात तो कालच्या सोबत्यांवर गोळ्या झाडतो आणि आनंदाने ओरडतो. चांगली कल्पना वाया घालवली.

‘अँडोर’ (२०२२) टोनी गिलरॉय यांची. तिच्या पहिल्या पर्वातील सहाव्या भागात बंडवाले एका छावणीतून शिपायांच्या पगाराची रक्कम लुटतात. धरणाची ती भव्य भिंत स्कॉटलंडमधल्या क्रुआखन धरणाची आहे. मला मात्र शेणोली आठवली. ७ जून १९४३ रोजी सातारा जिल्ह्यात शेणोलीजवळ पत्री सरकारच्या तुफान सेनेने पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी लुटली. जी. डी. बापू लाड त्यात पुढे होते. आज आपण त्यांना स्वातंत्र्यसैनिक म्हणतो, आणि ते योग्यच आहे.

पण माझे वडील त्या काळी रेल्वेत गार्ड होते. त्या गाडीवर नव्हते, पण असू शकले असते. पलटण, रेल्वे, पोलीस, इस्पितळ, पोस्ट: आपल्या समाजातल्या किती घरांची चूल त्या पगारावर पेटत होती! दुसरीकडे आपल्यातलेच बॅरिस्टर डेव्हिड एरुळकर १९१६ च्या खटल्यात टिळकांच्या बाजूने उभे होते. एकाच समाजात दोन्ही होते. नातवाने विचारले, “पणजोबा कोणाच्या बाजूला होते?” मी म्हटले, “घराच्या.” त्याला ते पटले नाही.

या भागाचा मोठेपणा असा, की लुटीची किंमत तो लपवत नाही. छावणीच्या कमांडरच्या बायकोवर आणि लहान मुलावर बंदूक रोखली जाते. भीतीने आणि ओझ्याने कमांडर हृदयविकाराने कोसळतो. छावणीतलाच गॉर्न नावाचा लेफ्टनंट बंडवाल्यांना सामील असतो. तिथल्या एका बाईवर त्याचे प्रेम होते. त्यापायी त्याची बढती गेली, मग ती बाईही गेली. तोही तिथेच मरतो. पगार घेणारा माणूस आतून कसा फाटतो, हे गॉर्नच्या दोन-चार वाक्यांत कळते. तक्रार एवढीच, की त्या आईचे आणि मुलाचे पुढे काय झाले, तिकडे मालिका वळून पाहत नाही. लूट झाली, कथा पुढे गेली.

दुसरे पर्व २०२५ साली आले. त्यात घोर्मन नावाच्या ग्रहावर चौकात जमलेल्या लोकांसमोर नवशिकी, कोवळी शिपाई पोरे मुद्दाम उभी केली जातात. त्यांतल्या एकाला साम्राज्याचाच नेमबाज मारतो, म्हणजे कत्तलीला निमित्त मिळते. शिरस्त्राणातला माणूस इथे खरा दिसला, तोही मेल्यावर.

पहिले दोन भाग रटाळ वाटतील, पण सोडू नका. बोलणे पुटपुटते आहे, खालची अक्षरे लावूनच बघा. घोर्मनचा भाग मात्र रात्री झोपण्यापूर्वी बघू नये.