पालावरून दिसणारे शहर

एखाद्या शहराची योग्यता ठरवावयाची झाली म्हणजे तेथील इमारती, रस्ते, बाजारपेठा आणि विद्यालये ह्यांची गणती करण्याचा प्रघात आहे. ही गणती खोटी नव्हे. परंतु ती अपुरी आहे. ज्याला राहावयास घर नाही, आणि तरीही पोटासाठी ज्याला त्याच शहरात राहणे भाग आहे, अशा माणसाने मोकळ्या मैदानाच्या कडेला चार काठ्यांवर फाटके कापड ताणले असता ते शहर त्याच्याशी कसे वागते, ही परीक्षा अधिक कठीण होय. आमच्या सोलापूर शहराने ही परीक्षा गेल्या शंभरांहून अधिक वर्षांत अनेकदा दिली आहे. तिचा निकाल सरकारी दप्तरात न शोधता मराठी वाङ्मयात शोधावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ह्या विषयावर मराठीत दोन जातींची पुस्तके आहेत. एक गावातून पालाकडे पाहणारी, आणि दुसरी पालावरून गावाकडे पाहणारी. पहिल्या जातीचा सर्वोत्तम नमुना म्हणजे त्रिंबक नारायण आत्रे ह्यांचा १९१५ साली प्रसिद्ध झालेला 'गावगाडा'. आत्रे मुलकी खात्यात नोकरीस होते; खेडी त्यांनी पायाखाली घातली होती. त्यांच्या ग्रंथातील 'फिरस्ते' हे प्रकरण वाचताना त्यांच्या निरीक्षणशक्तीबद्दल आदर वाटल्यावाचून राहत नाही. कोणती जमात काय विकते, कोणते सोंग आणते, कोठे उतरते, तिच्याबरोबर जनावरे कोणती असतात, हे सर्व त्यांनी टिपून ठेवले आहे. परंतु हा सारा तपशील शेवटी एकाच खात्यावर मांडला जातो. ते खाते म्हणजे कुणब्याचा खर्च. फिरस्ता आला की कुणब्याचे दाणे गेले, कडबा गेला, झोप गेली. आत्र्यांचा कुणब्याविषयीचा कळवळा खरा आहे, म्हणूनच त्यांच्या लेखनाला धार आली आहे. पण फिरस्त्याचे स्वतःचे खाते त्या वहीत उघडलेच जात नाही. ह्याच लेखकाने १९११ साली 'गुन्हेगार जाती' हे पुस्तक लिहिले होते, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

ते कोरे राहिलेले खाते उघडावयास पुढे पासष्ट वर्षे लागली. लक्ष्मण माने ह्यांचा 'उपरा' १९८० साली प्रसिद्ध झाला आणि लगोलग त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. दादासाहेब मोरे ह्यांचे 'गबाळ' १९८३ साली आले, लक्ष्मण गायकवाड ह्यांचा 'उचल्या' १९८७ साली. 'उपरा'तील कैकाडी कुटुंब गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव हिंडते, फोकांच्या पाट्या-कणग्या विणते आणि त्यांच्या मोबदल्यात मिळेल त्यावर गुजराण करते. आत्र्यांच्या वहीत जो नुसता खर्च होता, तो येथे कष्टाचा मोबदला म्हणून दिसू लागतो. तेच वेशीबाहेरचे मैदान, तीच गाढवे. परंतु पाहणाऱ्याची जागा बदलली आणि साऱ्या हिशेबाची बाकी उलटी निघाली. ज्या मुलाच्या घराची जागाच आठवड्या-पंधरवड्याने बदलते, त्याने शाळेच्या पटावर आपले गाव कोणते लिहावे? ह्या एका अडचणीतून मान्यांनी जी व्यथा उभी केली आहे, ती कोणत्याही शिफारशीच्या कागदावर उतरणार नाही.

'उचल्या'ची वाट ह्याहून निराळी आहे. तेथे माणूस जन्मतःच आरोपी आहे. काही केले असो वा नसो, पोलीस झोपडीत शिरणार आणि कर्त्या पुरुषांना नेणार, हे घरातील पोरासही ठाऊक असते. ह्या पुस्तकातील एक प्रसंग आम्हांस विशेष अर्थपूर्ण वाटतो. लेखक शाळेत जाऊ लागला आणि त्याच सुमारास वस्तीतील मुलांना ओकाऱ्या-जुलाब सुरू झाले. तेव्हा हा शाळेत जातो म्हणूनच हे संकट आले, अशी समजूत त्याच्या स्वजनांनी करून घेतली. ह्यास अडाणीपणा म्हणून हसणे सोपे आहे. परंतु ज्यांच्या दाराशी सरकार आजवर दंडुका घेऊनच आले, त्यांनी सरकारच्या शाळेकडे संशयाने पाहावे ह्यात नवल ते काय?

दोषही सांगितले पाहिजेत. ह्या आत्मकथांत नायक शिकू लागला की पाल हळूहळू मागे पडते. वसतिगृह, नोकरी, चळवळ ही पुढे येतात, आणि मागे राहिलेल्यांचे पुढे काय झाले हे वाचकाच्या नजरेआड होते. स्त्रिया राबताना दिसतात, पण बोलताना क्वचितच. ती उणीव विमल मोरे ह्यांच्या 'तीन दगडांची चूल' ह्या आत्मकथनाने काही अंशी भरून काढली. त्या नावातच एका संसाराची सारी स्थावर मिळकत सांगितलेली आहे.

तथापि ह्या पुस्तकांच्या दोषांपेक्षा आम्हां टीकाकारांचा दोष मोठा आहे. भाषा शिष्टसंमत आहे काय, आत्मचरित्राच्या घाटात हे लेखन बसते काय, ह्याची चर्चा आम्ही पुष्कळ केली. 'दाहक', 'विदारक' ही विशेषणे उधळली, पुस्तके अभ्यासक्रमात नेमली, त्यांवर प्रश्नपत्रिका काढल्या. पण हे लेखक शहराला जो एक साधा प्रश्न विचारतात, 'आम्ही उतरावे कोठे?', त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी वाचक म्हणून आमच्यावर येते, हे आमच्या ध्यानीमनीही आले नाही.

आम्ही हे दुसऱ्या कोणास उद्देशून म्हणत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या वसाहतीलगतच्या मोकळ्या जागेवर दहा-बारा पाले पडली. धूर येतो, उघड्यावर घाण होते, रात्री भीती वाटते, असे एक निवेदन तयार झाले. त्यावर आम्हीही सही केली. त्याच सत्रात आम्ही वर्गात 'उपरा' शिकवीत होतो! चौथ्या दिवशी मैदान मोकळे झाले. जागोजाग काळवंडलेले तीन तीन दगड तेवढे राहिले होते. ती माणसे गेली कोठे, हे आमच्यापैकी एकानेही विचारले नाही. पुढे कित्येक महिन्यांनी अक्कलकोट रस्त्याकडे जाताना तीच पाले आम्हांस दिसली. तेथील रहिवाशांचेही निवेदन एव्हाना तयार झाले असेल. शहराने त्या माणसांचा प्रश्न सोडविला नव्हता. तो एका वस्तीच्या दारातून उचलून दुसरीच्या दारात नेऊन ठेवला होता, इतकेच.

सोलापुरास ह्याहून जुना आणि कठोर असा एक उपाय परिचयाचा आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याची व्याप्ती १९११ साली मुंबई इलाख्यापर्यंत वाढली, आणि स्टार्ट ह्या सनदी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांत सोलापूरची सेटलमेंट मोठी होती. कैकाडी, टकारी, कंजारभाट, मांगगारुडी, पारधी अशा जमातींची कुटुंबे तेथे तारेच्या कुंपणाआड ठेवली गेली. तिचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होता. तेथे शाळा होती, गिरण्यांत काम मिळे, डोक्यावर छप्पर होते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. परंतु हजेरी चुकली की शिक्षा होई, आणि बाहेर पाऊल टाकावयाचे तर परवाना लागे. गिरण्यांना मजूर हवे होते आणि सरकारला बंदोबस्त हवा होता. दोन्ही गरजा एकाच कुंपणात भागल्या. ज्याला घर दिले त्याची मोकळीक काढून घेतली, म्हणून ते घर झालेच नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला. पंडित नेहरूंनी सोलापुरास येऊन तारेचे कुंपण तोडल्याची आठवण विमुक्तांच्या सभांतून आजही सांगितली जाते. गिरण्यांचे भोंगे बंद पडले, कुंपण गेले. पण 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हे नाव शहराच्या नकाशावर टिकून आहे. 'फ्री' हा शब्द वस्तीच्या नावात घालावा लागतो, ह्यातच तिचा पूर्वेतिहास आला.

आता शहराची बाजूही ऐकली पाहिजे. पदपथ चालण्यासाठी असतात, मैदाने मुलांसाठी असतात, आणि रहदारीच्या कडेला झोपलेले मूल कोणाच्याही गाडीखाली सापडू शकते. ह्या तक्रारींत तथ्य नाही असे म्हणणारा मनुष्य भाबडा तरी असला पाहिजे किंवा त्या रस्त्यावर राहणारा नसला पाहिजे. १९८१ साली मुंबईतील पदपथांवरील झोपड्या हटविण्याचा हुकूम निघाला. त्यातून उद्भवलेल्या खटल्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड ह्यांच्या पीठाने १९८५ साली जो निकाल दिला, तो ह्या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच अंतर्भूत आहे, असे तत्त्व त्याने सांगितले. परंतु पदपथ अडविण्याचा हक्क कोणास आहे असे म्हटले नाही. सूचना द्या, म्हणणे ऐका, पावसाळ्यात उठवू नका, असा त्याचा रोख होता. ह्याउलट २०२४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, ऑरेगॉन प्रांतातील ग्रँट्स पास ह्या लहानशा गावाने उघड्यावर मुक्काम करणाऱ्यांस दंड करणे घटनेविरुद्ध नाही, असे ठरविले. म्हणजे श्रीमंत देशांनाही हा प्रश्न सुटलेला नाही. दंड केल्याने झोप थांबत नाही. माणूस फक्त दुसरीकडे जाऊन झोपतो.

मग करावे काय? ह्याचे उत्तर शोधावयास अमेरिकेपर्यंत जाण्याचे कारण नाही; आमच्याच जिल्ह्यात ते दर वर्षी दिसते. आषाढीस पंढरपुरात लाखो माणसे येतात. त्यांतील कित्येक दिंड्या चंद्रभागेच्या पैलतीरी 'पासष्ट एकर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तळावर राहुट्या ठोकून उतरतात. तेथे जागा आखून दिली जाते, नळ येतात, शौचालये बांधली जातात, दिवे लागतात, डॉक्टर बसतो. संक्रांतीस सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी पाळणेवाले आणि खेळणीवाले सोलापुरात येऊन उतरतात, तेव्हाही शहराला ते डोईजड होत नाहीत. कापड तेच, काठ्याही त्याच. फरक एवढाच की, वारकऱ्याला परत जावयास गाव आहे, हे आपणांस ठाऊक असते. ज्याला घर आहे त्याच्या राहुटीला आपण पाणी देतो, आणि ज्याला नाही त्याचे पाल उपटतो! तेव्हा अडचण नळाची नव्हे, पैशाची नव्हे, कसबाची तर नव्हेच. 

सरकारी योजनांचेही असेच आहे. शहरी बेघरांसाठी लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा निवारा असावा, असे प्रमाण ठरलेले आहे. २०११ च्या शिरगणतीत सोलापूरची लोकसंख्या ९,५१,५५८ होती. त्या मानाने साडेनऊशे माणसांची सोय हवी. परंतु संसार, जनावर आणि धंद्याचे सामान घेऊन फिरणाऱ्या कुटुंबाला असा निवारा पुरणारा नाही. अधिक मोठे काम ह्याच शहराच्या वेशीवर, कुंभारीस झाले आहे. २००६ साली तेथे विडी कामगार स्त्रियांच्या १०,००० घरांची वसाहत पुरी झाली. पुढे असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचे रे नगर उभारावयास घेतले गेले आणि १९ जानेवारी २०२४ रोजी त्यांतील १५,००० घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. गरिबास घर देणे अशक्य आहे, असे म्हणण्याचा अधिकार सोलापूरकरास आता उरलेला नाही. परंतु विडी कामगारास संघटना होती, मागणी मांडावयास पुढारी होते, आणि अर्जावर लिहावयास पत्ता होता. पालावरच्या माणसाजवळ ह्यांपैकी काय आहे? घर नाही म्हणून पत्ता नाही, पत्ता नाही म्हणून दाखला नाही, आणि दाखला नाही म्हणून घर नाही, अशा फेऱ्यात तो सापडला आहे. मान्यांच्या लहानग्या नायकापुढे पटावर गावाचे नाव लिहिताना जी अडचण होती, तीच ही अडचण होय.

आमच्या मते शहराने पहिली गोष्ट द्यावयाची ती हा पत्ता. पाले उठविण्यापूर्वी ती कोठे उतरतील ती जागा नेमून द्यावी. तेथे पासष्ट एकरावर असते तसे पाणी, शौचकूप आणि दिवा असावा. त्या जागेच्या नावावर शिधापत्रिका निघावी, मुलाचे नाव शाळेच्या पटावर चढावे. आणि घर त्याच्या मागून यावे. कुंपण मात्र असू नये, आणि हजेरी तर मुळीच नको. एवढे केल्यावर रस्ता मोकळा करावयास सांगण्याचा शहरास अधिकार पोहोचतो, त्याआधी नाही.

ग्रंथपरीक्षणात ही नगरव्यवस्थेची चर्चा कशाला, असे काही रसिकांस वाटेल. त्यांस आमचे उत्तर असे की, काही पुस्तके वाचून मिटता येत नाहीत. 'गावगाडा' आणि 'उपरा' ही दोन पुस्तके एकामागून एक वाचावीत, अशी आमची वाचकांस विनंती आहे. दोहोंच्या दरम्यान वेशीबाहेरचे एक मैदान लागते. ते ओलांडताना आमची सही असलेला तो कागद आम्हांस आठवतो. असे निवेदन पुन्हा आले तर आम्ही त्यावर सही करण्यापूर्वी एक ओळ वाढवून मागू: ह्या माणसांना कोठे जागा देणार, ते आधी कळवावे.