वेष आणि कालनिर्णय : भानू अथैया यांच्या कार्याचे परीक्षण

भरतमुनींनी ज्यास आहार्याभिनय म्हटले, तो वेष म्हणजे पात्राच्या देशकालाविषयी प्रेक्षकांपुढे मांडलेले विधानच होय. विधानास पुरावा मागणे हे आपल्या मंडळींचे काम असल्याने प्रस्तुत विषय या पृष्ठांस परका नाही.

कै. भानू अथैया, माहेरच्या राजोपाध्ये, यांचा जन्म १९२९ साली कोल्हापुरास झाला. वडील चित्रकार, स्वतःचे शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत. १९५६ च्या ‘सी. आय. डी.’पासून २००१ च्या ‘लगान’पर्यंत व पुढेही त्यांनी शंभरावर चित्रपटांचे वेष सिद्ध केले. त्यांपैकी दोहोंचाच येथे विचार करू.

‘आम्रपाली’ (१९६६) मधील वेष अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून घेतलेले आहेत. त्यांचे सौंदर्य निर्विवाद आहे. तथापि आम्रपाली ही बुद्धाची समकालीन; अजिंठ्याची बहुतेक चित्रे वाकाटककालीन, इ. स. च्या पाचव्या शतकातील. मध्ये सुमारे हजार वर्षे लोटली. त्यामानाने भारहुत व सांची येथील शिल्पे कालदृष्ट्या निकटतर होती. सुंदर अक्षराच्या उत्तरकालीन प्रतीवरून मूळ पाठ ठरवावा, तसे हे झाले.

‘गांधी’ (१९८२) मध्ये हा दोष नाही. येथे साधने समकालीन आहेत. बॅरिस्टरी कोट, काठेवाडी पागोटे आणि सप्टेंबर १९२१ मध्ये मदुरेस पत्करलेला पंचा, असा क्रम छायाचित्रांवरून लावता येतो. नुसत्या वेषावरून प्रसंगाचा काळ ओळखू यावा, इतकी सिद्धी येथे साधली आहे. जॉन मोलो यांजसह १९८३ साली मिळालेले ऑस्कर, भारतीयास मिळालेले पहिलेच, यथायोग्य होय.

त्याच १९२१ साली आमच्या मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. उद्या कोणी तो रंगभूमीवर आणू म्हटल्यास मावळकऱ्याचे मुंडासे, घोंगडी, बायकांची लुगडी यांस आधार कोठला? गावे जलाशयाखाली गेली. शोध घ्यावयाचा तो विस्थापित घराण्यांच्या पेट्यांतच.

अथैया यांनी २०१२ साली आपले सन्मानचिन्ह सुरक्षिततेसाठी अमेरिकेतील अकादमीच्या स्वाधीन केले. ही गोष्ट संग्राहकांनी मनास लावून घ्यावी. आपण पोथी ठेवून घेतो आणि तिचे जीर्ण बासन टाकून देतो. ते बासनही अस्सल साधन आहे. यापुढे त्याची नोंद पोथीबरोबरच व्हावी. वेषकारांची रेखाटनेही त्याच आस्थेने मिळवून जतन करावीत.