परळीची उष्णता आणि डेन्मार्कचा पेपर

संशोधनाच्या तयारीला लागलात की पहिला सल्ला मिळतो, 'भरपूर पेपर वाचा.' वाचायचं कसं, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. म्हणून आज एकच पेपर घेऊ आणि तो बीड जिल्ह्यात बसून वाचू.

पेपर आहे हेन्रिक लुंड आणि सहकाऱ्यांचा, २०१४ साली 'एनर्जी' या नियतकालिकात आलेला. विषय डिस्ट्रिक्ट हीटिंगची चौथी पिढी. डिस्ट्रिक्ट हीटिंग म्हणजे घरोघरी वेगळा बॉयलर न ठेवता एका ठिकाणी पाणी तापवायचं आणि जमिनीखालच्या पाइपांतून शहरभर फिरवायचं. आपल्याकडे नळाला पाणी येतं, तशी तिकडे घराला ऊब येते. डेन्मार्कमध्ये जवळपास दोन तृतीयांश घरं अशी तापतात. १९७३च्या तेलसंकटानंतर त्यांनी १९७९मध्ये यासाठी कायदाच केला.

लेखकांची मांडणी अशी. १८८०च्या दशकापासून पाइपांत वाफ होती, ही पहिली पिढी. १९३०च्या सुमारास १०० अंशांवरचं दाबाखालचं पाणी आलं. १९७०च्या दशकापासून १०० अंशांखालचं पाणी आलं. पुढची, म्हणजे चौथी पिढी ५० ते ६० अंशांची. तापमान जितकं कमी, तितकी पाइपातली गळती कमी आणि सूर्य, कारखाने, कचरा अशा साध्या स्रोतांची उष्णता वापरणं सोपं. मांडणी स्वच्छ आहे. तिची ती पिढ्यांची आकृती एकदा पाहिली की डोक्यातून जात नाही.

माझ्याही गेली नाही, आणि तिथेच मी फसले. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी लिहिलं होतं की मराठवाड्यात डिस्ट्रिक्ट हीटिंगवर काम झालेलं नाही, हा 'रिसर्च गॅप' आहे, आणि परळीच्या औष्णिक केंद्रातली वाया जाणारी उष्णता तो भरून काढेल. आरआरसीत एकच प्रश्न आला : 'ती उष्णता किती अंशांवर आहे?' माझ्याकडे मेगावॅट होते, अंश नव्हते. मी गप्प बसले.

उत्तर साधं आहे. कोळशातल्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश वीज होते. उरलेल्यातला मोठा भाग कंडेन्सरमधून थंड पाण्यात जातो आणि ते पाणी बाहेर पडतं चाळीसएक अंशांवर. उष्णता प्रचंड, पण कोमट. चौथ्या पिढीलाही ती कमी पडते. ऊब नको, गारवा तरी द्या म्हणाल, तर उष्णतेवर चालणाऱ्या साध्या शीतकरण यंत्राला ८० अंशांच्या आसपासचं पाणी लागतं. डेन्मार्कमधली केंद्रं टर्बाइनमधून वाफ थोडी आधीच काढून घेतात, त्यासाठी थोडी वीज सोडतात. म्हणजे तिथलीही उष्णता फुकट नाही. आणि परळीत थंडी किती दिवस? बंबात आंघोळीचं पाणी तापवायचं आणि चार सांजा शेकोटीपाशी बसायचं, एवढीच. तेवढ्यासाठी शहर खोदून पाइप कोण टाकणार?

आता पेपरवर माझा आक्षेप. पिढ्यांची आकृती शिडीसारखी दिसते. वाटतं, प्रत्येक शहर कुठल्यातरी पायरीवर उभं आहे आणि आपण सगळ्यात खाली. खरं तर ती थंड प्रदेशातल्या शहरांची कहाणी आहे. शीतकरणाचा उल्लेख पेपरात आहे, पण सोबतीला. दुसरं, 'वाया' उष्णतेचा हिशोब तिथे इंधनात होतो. कोपनहेगनची केंद्रं समुद्राकाठी आहेत, उष्णता टाकून द्यायला खारं पाणी हाताशी आहे. त्यामुळे त्या मांडणीत पाणी हा प्रश्नच उभा राहत नाही.

बीडमध्ये तोच पहिला प्रश्न आहे. परळीत कूलिंग टॉवरमधून दिसणारा पांढरा लोट म्हणजे धूर नव्हे, हवेत जाणारं पाणी. २०१५च्या केंद्र सरकारच्या नियमानं जुन्या केंद्रांना प्रति मेगावॅट-तास ३.५ घनमीटर ही मर्यादा घातली. या मर्यादेनं हिशोब करा. २५० मेगावॅटचा एक संच पूर्ण भारानं एक दिवस चालला, तर २१,००० घनमीटर, म्हणजे २ कोटी १० लाख लिटर. हे पाणी माजलगाव धरण आणि खडका बंधाऱ्यातून येतं. २०१३च्या दुष्काळात पाण्याअभावी अख्खं केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. डेन्मार्कचा प्रश्न 'ही उष्णता कुणाला द्यायची' असा आहे. आपला प्रश्न 'ही उष्णता फेकायला कुणाचं पाणी वापरायचं' असा आहे.

मग पेपर टाकून द्यायचा का? नाही. कामापुरतंच तापमान वापरा, हे त्याचं तत्त्व जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत जुनंच आहे. चिपाडावर वाफ होते, ती टर्बाइन फिरवते आणि बाहेर पडलेली वाफ रस आटवते. एका भांड्यातली वाफ पुढचं भांडं उकळवते. उसात ७० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, त्यातलं बरंच परत मिळतं. अर्थात तो ऊस पिकायला किती पाणी प्यायला, हा हिशोब कुंपणाबाहेर राहतो. आपली चूकही तीच असते : हद्द सोयीची आखायची.

म्हणून पेपर वाचताना वहीत तीन गोष्टी लिहा. आकड्याचं एकक कोणतं, कुठल्या हवामानात तो मोजला, आणि हद्दीबाहेर काय ठेवलं. 'आपल्याकडे कुणी केलं नाही' याला गॅप म्हणण्याआधी, का केलं नाही ते शोधा. माझ्या नव्या सिनॉप्सिसमध्ये पहिल्या पानावर मेगावॅटच्या शेजारी अंश आहेत, आणि त्याच्या शेजारी लिटर.