दहापैकी सात

१९७५ साली मी स्कूटरसाठी नंबर लावला आणि १९८२ साली ती मिळाली. मधल्या काळात माझं लग्न झालं, दोन मुलं झाली आणि डोक्यावरचे केस निम्म्यावर आले. पण त्या काळी ही तक्रार नव्हती, रीत होती. स्कूटर घ्यायला गेलो तेव्हा काउंटरवरच्या गृहस्थांनी मान वर न करता विचारलं, "रंग करडा आहे. चालेल?" सात वर्षं थांबलेल्या माणसाला गुलाबीसुद्धा चालली असती! मीच त्यांचे आभार मानले आणि किल्ली घेऊन निघालो.

अशा माणसाला गेल्या वर्षी चिरंजीवांनी मोटारीच्या शोरूममध्ये नेलं. दार उघडायला माणूस, आत गारेगार हवा, बसायला सोफा. टाय लावलेला एक चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा 'सर, सर' करत आला. त्याने सौ.ला कॉफी आणून दिली आणि माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. इतक्या अदबीने माझा जावईही माझ्याशी कधी बोललेला नाही. परतताना सौ. म्हणाली, "अहो, किती गुणी मुलगा! लग्न झालंय का विचारायला हवं होतं."

मोटारीची जाहिरातीतली किंमत ही लग्नाच्या बोलणीतल्या 'आम्हांला काही नको, फक्त मुलगी द्या' सारखी असते. यादी नंतर निघते. रोड टॅक्स आणि रजिस्ट्रेशन सरकारचं, ते मुकाट्याने मान्य केलं. विमा हवाच, तोही मान्य. पण तो शोरूमकडूनच घेतला पाहिजे असा काही कायदा नाही, कुठल्याही विमा कंपनीकडून घेता येतो, हे मी बोलून गेलो आणि माझ्या हातातली कॉफी एकदम गार झाली. "मग सर, डिस्काउंट बसणार नाही."

"बरं, हे हँडलिंग चार्जेस कसले?"

"सर, गोडाऊनमधून गाडी इथे आणायचे."

"मग मीच जाऊन घेऊन येतो की!"

यावर मुलगा फक्त हसला. पुढे 'ॲक्सेसरीज' या भारदस्त नावाखाली चार पायपुसणी होती. आमच्या दिवाणखान्यातल्या सतरंजीला इतके पैसे पडले नव्हते.

पैसे भरेपर्यंत गिऱ्हाईक राजा असतं. चेक वटला की राजाचा वनवास सुरू होतो. "सर, उद्या नक्की" हे वाक्य मी नऊ वेळा ऐकलं. अखेर पाडव्याला गाडी मिळाली. तिच्यावरचा साटीनचा बुरखा मी ओढला, टाळ्या झाल्या, हातभर लांबीची पुठ्ठ्याची किल्ली धरून फोटो निघाला. घरी येऊन पाहतो तो मागच्या बंपरवर ओरखडा आणि पायपुसणी गायब.

निघताना मुलगा हळूच म्हणाला होता, "सर, कंपनीतून फोन येईल. तेवढे दहापैकी दहा द्या."

फोन आला. मी न्यायाने वागलो. ओरखड्याचा एक, पायपुसण्यांचा एक आणि हँडलिंगचा एक गुण कापून सात दिले. आमच्या वेळी साठ टक्क्यांना फर्स्ट क्लास होता. सत्तर पडले तर गल्लीत पेढे वाटत. माझ्या हिशेबी मी त्या मुलाला पेढेच दिले होते.

पहिल्या सर्व्हिसिंगला गेलो तेव्हा तो बाहेर चहाच्या टपरीवर भेटला. टाय खिशात होता. "काका, तुम्ही सात दिलेत," तो म्हणाला. 'सर'चा 'काका' झाल्याचं माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

"अरे, सात म्हणजे चांगलेच की!"

"इथे नऊ-दहा म्हणजे पास. खाली सगळं नापास. त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह गेला."

पगार तुटपुंजा, बाकी सारी भिस्त त्या इन्सेंटिव्हवर. महिनाअखेरीला टार्गेट भरेपर्यंत रात्री दहाच्या आत घर नाही. ओरखडा यार्डात पडला होता, पायपुसणी स्टोअरमधून आलीच नव्हती, हँडलिंगचा आकडा मालकाने ठरवलेला आणि 'उद्या नक्की' म्हणायचं मॅनेजरने सांगितलेलं. मालकाला दोष द्यावा, तर त्याने बँकेचं कर्ज काढून कंपनीकडून गाड्या उचललेल्या. व्याज रोज चढतंय आणि डिसेंबरात बनलेली गाडी जानेवारी उजाडला की एक वर्षाने म्हातारी होते. गाडीवर फार सुटत नाही, म्हणून तो विम्यावर आणि पायपुसण्यांवर काढतो. म्हणजे कंपनी मालकाला पिळते, मालक मॅनेजरला, मॅनेजर या मुलाला आणि मुलगा हसतहसत मला. वर मी पुन्हा त्यालाच पिळला!

१९८२ सालचे ते काउंटरवरचे गृहस्थ मला कस्पटासमान लेखत; पण माझ्या नाराजीने त्यांच्या पगारातली दमडी कमी होत नव्हती. आता मला राजा केलंय खरा. पण या राजाला एकाच माणसाला सुळावर द्यायचा अधिकार आहे, आणि तो म्हणजे त्याला कॉफी आणून देणारा. हँडलिंग चार्जेसना किती गुण, हे मला कोणी विचारलं नाही. मालकाला किती, कंपनीला किती, हे त्या मुलाला तर कोणीच विचारणार नाही.

"चालायचंच काका," म्हणत त्याने माझ्या चहाचे पैसे दिले. मी नको-नको म्हणेपर्यंत दिलेसुद्धा.

घरी आलो आणि कंपनीला फोन लावला. "माझ्या साताचे दहा करा," म्हणालो. पलीकडची मुलगी फार गोड आवाजात म्हणाली, "सॉरी सर, तशी सोय नाही." माझा पारा चढला. चार शब्द सुनावणार, इतक्यात ती म्हणाली, "सर, फोन ठेवण्यापूर्वी माझ्या सेवेला एक ते पाचमध्ये गुण द्याल का?"

मी मुकाट्याने पाच दाबले.