भागायचे कशाने?

अंधेरी स्थानकातून पूर्वेला एमआयडीसीकडे निघालो की काचेच्या कार्यालयीन इमारती लागतात. यांतली काटकसरी कोणती? ते ठरवण्यासाठी केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २००९ साली तारांकन योजना आणली. तिचे गणित सोपे आहे: वर्षभरात वापरलेली वीज भागिले इमारतीचे क्षेत्रफळ. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवेतल्या वातानुकूलित कार्यालयाला चौरस मीटरमागे १७५ ते २०० युनिट लागत असतील तर एक तारा, १०० पेक्षा कमी लागत असतील तर पाच, असे मूळ कोष्टक होते.

या योजनेचा मोठा गुण आम्हांला मान्य आहे. ती नकाशावरचे संकल्प पाहत नाही, प्रत्यक्ष वापर पाहते. आमचा आक्षेप आहे तो भागाकारातल्या छेदाला.

प्रत्येकी १,००० चौरस मीटरची दोन कार्यालये कल्पू या. पहिल्यात ५० माणसे, वर्षाला १,२०,००० युनिट. दुसऱ्यात २०० माणसे, १,६०,००० युनिट. भागाकार १२० आणि १६०. म्हणून पहिल्याला चार तारे, दुसऱ्याला दोनच. आता माणसांनी भागा: २,४०० आणि ८००! आपल्याकडे एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे चार ताऱ्यांच्या कार्यालयात माणशी १,६८० किलो, दोन ताऱ्यांच्या कार्यालयात ५६०. पहिल्याने एकूण वीज कमी वापरली हे खरे. पण उरलेल्या दीडशे माणसांना बसायला आणखी इमारती लागतीलच, आणि त्यांनाही वीज लागेल.

ही अडचण ब्यूरोला मुळीच दिसली नाही, असे नाही. रात्रंदिवस चालणाऱ्या कॉल सेंटरांसाठी त्याने तासांचा हिशेब धरणारे वेगळे माप ठरवले. तास मोजता येतात, तर माणसे का नाहीत? क्षेत्रफळाने भागणे चूक नाही. तेवढ्यावरच थांबणे चूक आहे.

हे वर्गात करून पाहता येईल. शाळेची बारा महिन्यांची विजेची बिले मिळवा. एकूण युनिटांना मुले आधी क्षेत्रफळाने, मग पटसंख्येने, मग शाळा भरण्याच्या तासांनी भागतील. उत्तरे तीन येतील. 'यांतले बरोबर कोणते?' असे कोणी विचारले, तर प्रश्न काय होता ते आधी त्यालाच सांगायला लावा.